माळवद झालं का?

रोहिण्या निघाल्या की आमच्या गल्लीत एकमेकांना विचारायची गोष्ट बदलायची. एरवी आडावर, पारावर, गिरणीत कुणी भेटलं की "भाकरी झाल्या का?" रोहिण्यांत मात्र एकच, "माळवद झालं का?" ज्यांचं झालेलं असायचं ते "कालच हात फिरवला" असं जरा मोठ्यानं सांगायचे. ज्यांचं राहिलेलं असायचं ते आधी आभाळाकडं बघायचे, मग "आज-उद्या धरतोच की" म्हणून पाय उचलायचे. मृगाचा पहिला पाऊस पडायच्या आत माळवदावर ताजी माती पडली नाही, तर त्या घराचा पावसाळा गळतीखाली पराती आणि पातेली सरकवण्यात जायचा, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत तेरणेच्या काठाकाठानं वाढलेली आमची पिढी. कौलांखाली वाढलेल्यांना माळवद म्हणजे काय ते सांगावं लागतं. सपाट, मातीचं छप्पर. कुठं त्याला धाबं म्हणतात. पाऊस बेताचा, ऊन बेसुमार, जंगल लांब आणि दगड पायाखाली पाहिजे तेवढा. अशा मुलखात दुसरं कसलं छप्पर सुचणार? चार घरं सोडली तर सगळं गाव माळवदांचं. टेकाडावरून बघितलं तर गाव दिसायचंच नाही, मातीवर माती. संध्याकाळी सवण्यांतून, म्हणजे माळवदातल्या भोकांतून, धूर निघायला लागला की कळायचं, इथं माणसं आहेत.

माती मात्र कुठलीही चालायची नाही. काळी माती रानाची. ती उन्हात भेगाळते, पाण्यात फुगते. तिच्यात ज्वारी पिकते, छप्पर होत नाही. माळवदाला लागायची पांढरी. गावाजवळच्या जुन्या पडक्या वस्तीच्या टेकाडातून ती खणून आणायची. मऊ, पिठासारखी, राखट रंगाची, जिभेला किंचित खारट. (आम्ही सगळ्यांनी ती खाल्लेली आहे. आजीनं पाठीत धपाटे घातलेत, तरी खाल्लेली आहे.) पाणी लागलं की ती आवळून बसते आणि वाळली तरी काळीसारखी फाटत नाही. आमच्याकडं जुनी माणसं गावाच्या सगळ्या जमिनीला दोनच नावं ठेवायची, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतं आणि पांढरी म्हणजे वस्ती. माणसं जिथं पिढ्यान् पिढ्या राहिली, चुली पेटवल्या, राख टाकली, गुरं बांधली, घरं बांधली आणि पडू दिली, तिथली माती पांढरी होते. म्हणजे आमच्या डोक्यावर जे होतं ते कधीतरी कुणाचं तरी घरच होतं.

त्या टेकाडात खोरं मारताना काय काय निघायचं! खापराचे तुकडे, शंखाच्या बांगडीचा तुकडा, भोक पाडलेला मणी, एखादं हिरवं पडलेलं नाणं. मणी पोरींच्या गळ्यात जायचे, नाणं देव्हाऱ्यात. आमच्याच तेरणेवर तेर आहे, पूर्वीचं तगर, सातवाहनांच्या काळातलं बाजारपेठेचं गाव. तिथल्या पांढरीत सापडणाऱ्या अशाच वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या. त्या आज तेरच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. शाळेच्या सहलीत त्या काचेच्या कपाटापुढं उभं राहिलो तेव्हा आमच्यातली एक पोरगी गुरुजींना म्हणाली, "असले तर आमच्या माळवदात हायत."

माती आणायची गाढवांवरून, नाहीतर बैलगाडीतून. अंगणात ढीग पडला की त्या दिवशी पोरांना खेळ नाही. ढेकळं फोडा, खडे वेचा, भुस्सा मिसळा, पाणी सोडा, तुडवा. ती वर चढवायला शिडीवर माणसांची साखळी लागायची. खालून वडील, म्हणजे अण्णा, पाटी द्यायचे, मधल्या पायरीवर थोरला भाऊ, वर आजोबा, म्हणजे आबा, आणि शेजारचे तात्या. आज तात्या आमच्याकडं, उद्या आम्ही सगळे तात्यांकडं. ही सावड. तिचा हिशेब कुणी लिहून ठेवला नाही आणि तो कधी चुकलाही नाही. दुपारी सगळ्यांना पिठलं-भाकरी आणि संध्याकाळी गुळाचा चहा, तेवढ्यावर भागायचं.

वर पसरलेली माती चोपण्यानं चोपायची. सगळी वाकून, एका लयीत. धप्, धप्, धप्. आणि उतार! उतार हे आबांचं खातं. लोटाभर पाणी ते मधोमध ओतायचे आणि ते कुठं जातंय ते उकिडवं बसून बघायचे. पाणी सरळ पन्हाळीकडं गेलं की लोटा पालथा घालून उठायचे. वाटेत थांबलं, की त्या जागी पुन्हा पाटीभर माती. इंजिनिअरकडं लेव्हल बघायची दुर्बीण असते. आमच्याकडं लोटा होता.

मातीच्या खाली काय असायचं तेही सांगितलं पाहिजे, कारण पुढं त्याच्यावरच सगळं येऊन थांबलं. जमिनीत दगडी तळखडा, त्याच्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळई, तुळयांवर आडवे सर, सरांवर दाटीनं किलच, म्हणजे काठ्या-फांट्यांचा थर. त्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर ओला चिखल आणि मग पांढरी. कडुनिंब वाळवीसाठी. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. घर सांगायचं ते खणांत. "किती खणी हाय?" असं विचारायचे, पाच खणी, सात खणी. चौरस फूट हा शब्द आमच्या कानावर पडायला १९९३ साल उजाडावं लागलं. सोयरीक जमवताना शेती किती एकर आणि घर किती खणी, एवढं विचारलं की पोरीचा बाप निम्मा निश्चिंत. सागवान एखाद्याच वाड्यात. बाकी सगळं बाभळीचं, कडुनिंबाचं, आपल्याच बांधावरचं.

आणि तुळई कधी मरायची नाही. आमच्या माजघरातली मधली तुळई आबांच्या आज्याच्या घरातून आलेली. तिच्यावर जुन्या खाचा होत्या, ज्यांचा आमच्या घरात काही उपयोग नव्हता. त्या खाचांत आई बिब्बे ठेवायची, अण्णा विडीचं बंडल. घर पडलं की लाकूड उतरवायचं, दगड बाजूला रचायचा, माती पांढरीला मिळायची, आणि त्याच लाकडा-दगडांतून दुसरं घर उभं राहायचं. पैसे मोजून आणायचं ते थोडंच: खिळे, कड्या-कोयंडे, बिजागऱ्या आणि सुताराच्या हातची चौकट. बाकीचं गावातच. पुढं कधीतरी वाचलं, की आदर्श खेड्यातलं घर पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून व्हावं असं गांधीजींनी १९३७ साली लिहिलं होतं. आमच्या गावात ते कुणी वाचलेलं नव्हतं. आमची माती पाऊण मैलावरची.

भिंती दोन-दोन हात जाड. त्यांनी काय काय पोटात घेतलं होतं! दिव्याची देवळी, देवाचा कोनाडा, आरसा-फणीचा कोनाडा, बाळंतिणीच्या औषधांचा कोनाडा, आणि ज्वारीचं बळद. बळदात उतरायला लहान पोरच लागायचं. कमरेला दोरी बांधून आम्हाला आत सोडायचे आणि आतून आम्ही ओरडलो की सगळं घर हसायचं. वर माळवदाला सवणं. त्यातून उन्हाचा कवडसा यायचा आणि भिंतीवरून सरकत जायचा. तो उतरंडीला टेकला की आजी रानातल्या माणसांच्या भाकरी बांधायला घ्यायची. घड्याळ आलं तरी तिचा भरवसा त्या कवडशावरच राहिला. पाऊस आला की पोरानं धावत वर जायचं आणि सवण्यावर घमेलं पालथं घालायचं. हे काम विसरणाऱ्या पोराचं जेवण त्या रात्री जरा उशिराच व्हायचं.

चैत्र-वैशाखात बाहेर बेचाळीस अंशांचा फुफाटा आणि आत माजघरात डेऱ्यातलं ताक गार. पंखा नाही, वीजच नाही. सारवलेल्या भुईवर उघड्या पाठीनं पडलं की झोप यायला चार श्वास पुरायचे.

आणि रात्री सगळं गाव वर. माळवदाला माळवद लागलेलं, मध्ये वीतभर कठडा, त्यामुळं वरून एक वेगळंच गाव तयार व्हायचं. खालच्या गल्ल्यांना वळणं होती, वरच्या वाटा सरळ. बायकांनी त्या वाटांवरून किती संसार सांभाळले! विरजणाची वाटी वरूनच गेली, तान्ह्या पोराला वरूनच पोचवलं, खाली बैठकीत न बोललेली गोष्ट वर उन्हात शेवया-कुरडया घालताना बोलली गेली. दिवसा वाळवणं, रात्री वाकळा. वाकळा अंथरल्या की एका माळवदावरून कुणीतरी गोष्ट सुरू करायचं आणि तीन घरं पलीकडून "मोठ्यानं सांगा की" असा आवाज यायचा. लग्नातली वरात वरून बघायची. पोळ्याचे बैल वरून बघायचे. पहिल्यांदा सासरी निघालेल्या बहिणीची गाडी वेशीबाहेर दिसेनाशी होईपर्यंत वरूनच बघायची.

गळती व्हायची. नाही कशी! श्रावणातल्या झडीत आठ-आठ दिवस पाऊस थांबला नाही की कितीही चोपलेलं माळवद एखाद्या ठिकाणी हार खायचं. मग रात्री कंदील घेऊन शोध. थेंब जिथं पडतो तिथं वर भोक नसतंच. पाणी किलचामधून फिरून भलतीकडं उतरतं. आजी आवाजावरून सांगायची, "उंदरानं केलंय, न्हाणीच्या अंगाला बघा." सकाळी तिथंच बीळ निघायचं. त्यात राख आणि माती ठासायची, वरून पायानं दाबायचं. गवत उगवलं की मुळासकट उपटायचं. ज्या माळवदावर गवत वाढलं त्या घराकडं लोक वेगळ्या नजरेनं बघायचे. त्या घरात माणूस खचलाय, हे गवतावरून कळायचं, आणि मग न सांगता दोघं-तिघं खोरं घेऊन जायचे.

हे सगळं सांगताना आवाज ओला होतो आणि तो व्हावाच. पण आमच्या पिढीनं माळवदाची दुसरी बाजूही अंगावर झेललेली आहे. तिच्याशिवाय ही आठवण सांगणं म्हणजे गेलेल्या माणसांशी खोटं बोलणं.

दर वर्षी आम्ही वर माती टाकत होतो. खरवडून किती काढत होतो? जाणत्या घरांत आधी जुना भुसभुशीत थर उतरवायचे, मग नवा. पण ते कष्टाचं काम. सावड मोडत गेली, पोरं पुण्या-मुंबईकडं गेली, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांनी फक्त वरून टाकली. वीतभर मातीची हातभर झाली, हातभराची कुठं कुठं दोन फूट. लाकूड महागलं तसे खांब कमी झाले आणि तुळया थेट भिंतीवर टेकल्या. आणि भिंत? बाहेरून एक दगडी पापुद्रा, आतून एक, मध्ये चिपा-कपऱ्या आणि माती. जुने गवंडी या दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड ठरावीक अंतरावर घालायचे. तसा दगड घडायला वेळ लागतो. घाईत तो वगळला तरी भिंत दिसायला तशीच दिसते. म्हणून तो वगळला गेला, घरामागून घर.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. पावसाळी दिवस, त्यामुळं माळवदावर कुणी नाही, सगळे आत. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं बसली. सुमारे आठ हजार माणसं गेली. आमचं गाव जरा लांब होतं. आमच्या ओसरीची भिंत बाहेरच्या बाजूनं ढासळली, शेजारच्या घराचा अर्धा सोपा गेला, माणसं वाचली. उजाडल्यावर पुरुष मंडळी खोरी-कुदळी घेऊन किल्लारीकडं निघाली. माळवदासाठी पांढरी खणायची तीच खोरी. अण्णा तिसऱ्या दिवशी परत आले, ते अंगणात बसले आणि संध्याकाळपर्यंत काही बोलले नाहीत. रात्री एवढंच म्हणाले, "सगळी माती हाय. नुसती मातीच हाय."

त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती, ती आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितली. काही जुन्या घरांच्या भिंती चारी बाजूंनी कोसळल्या होत्या आणि मध्ये खांब-तुळयांचा सांगाडा माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा होता. ज्या घरात खण पुरे होते आणि लाकूड निकोप होतं, तिथं आतली माणसं जगली. पुढं भूकंपाचा अभ्यास करणाऱ्यांनीही हेच नोंदवलं. म्हणून "मातीनं मारलं" हे वाक्य कुणी आमच्यासमोर उच्चारलं की आम्ही गप्प बसत नाही. मारलं ते वाढत गेलेल्या ओझ्यानं, वगळलेल्या दगडानं, वाचवलेल्या खांबानं. त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्यूरोची मातीच्या घरांसाठीची संहिता निघाली, आयएस १३८२७. भिंतीला चौफेर पट्टा द्या, खिडक्या-दारं लहान ठेवा आणि कोपऱ्यापासून दूर घ्या, छप्पर हलकं करा, असं तिच्यात आहे. मातीचं घर बांधूच नका असं तिच्यात नाही.

नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमीन किती यावरून घरं ठरली: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. पक्की घरं, सरळ रांगा, रुंद रस्ते. त्या घरांनी लोकांना पुन्हा निवारा दिला, मोठं काम झालं. पण आमची मावशी त्या ४५० फुटांच्या घरात गेली तेव्हा पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "बैल कुठं बांधायचे? ज्वारी कुठं ठेवायची? आणि बसायचं कुठं?" बसायचं म्हणजे दाराजवळच्या ढेलजेत, रस्ता बघत. वर्षभरात प्रत्येक घरापुढं पत्र्याचं छप्पर आलं, मग आडोसा, मग बाजेला जागा, मग गोठा. सरळ रांग हळूहळू गल्लीसारखी वाकडी झाली. लोकांना पाहिजे तेवढं त्यांनी आपल्या हातांनी बांधून घेतलं. लातूर जिल्ह्यातलं बाणेगाव वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या मार्गदर्शनाखाली पुन्हा बांधलं गेलं. स्थानिक सामान आणि राहणाऱ्याचं ऐकून घेणं यासाठी त्या माणसानं आयुष्य घातलं. गांधीजींच्या त्या पाच मैलांची आठवण ते सतत करून देत. आमच्यातले काहीजण पुढं इंजिनिअर झाले, ते बेकरांची रेखाटनांची पुस्तकं अजून उशाशी ठेवतात.

आमच्या गावाला नवी घरं नव्हती, दुरुस्ती होती. एक तरुण इंजिनिअर आला. त्यानं आधी माळवदावर जाऊन पहार खुपसली आणि किती आत जाते ते बघितलं. मग आबांना म्हणाला, "आजोबा, एवढी उतरवायची." आबांनी जन्मभर माती वर चढवली होती. त्यांनी पहारीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "उतरवा." चार दिवस माती खाली येत होती. किलचावर प्लास्टिकचा कागद आणि वर वीतभरच पांढरी. भिंतीला भोकं पाडून, आत आकड्याची सळई घालून, सिमेंटनं भरून दोन्ही पापुद्रे एकमेकांना बांधले; वगळलेल्या दगडाची ती भरपाई. खांब-तुळईच्या कोपऱ्यात तिरके लाकडी टेकू. खर्च नव्या घरापुढं फारच थोडा. ते घर पुढं वीस वर्षं उभं राहिलं, आणि त्यातल्या दुपारी पहिल्यासारख्याच गार होत्या.

आता गावात घरकुलं आहेत. सरकारी अनुदान, किमान जागा २५ चौरस मीटर. डोक्यावर स्वतःचं छप्पर नव्हतं त्यांना ते मिळालं, याचा आनंद आहेच. पण एप्रिलमध्ये दुपारी त्या स्लॅबखाली बसून बघावं. तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली आग सोडतो, विजेचं बिल येतं, आणि माणसं पुन्हा अंगणात बाज टाकून झोपतात. मजुरी, सिमेंट, सळई, वाळू, सगळं बाहेरून, सगळं रोखीनं. सावडीला त्यात जागाच नाही. पांढऱ्या मातीचे दाबून केलेले ठोकळे, त्यात थोडं सिमेंट, चौफेर पट्टा, आणि वर पातळ, हलकं, नीट बांधलेलं छप्पर, असं घर आमच्या हवेत स्वस्तात उभं राहू शकतं, हे आमचे इंजिनिअर झालेले भाऊ सांगून सांगून थकत नाहीत. "मातीचं?" म्हणून लोक दोन पावलं मागं सरतात. त्यांचं चुकत नाही. त्यांनी ती पहाट पाहिलीय किंवा ऐकलीय. त्यांच्यापुढं एक तरी घर बांधून दाखवलं पाहिजे आणि त्यात स्वतः राहिलं पाहिजे.

आमचं जुनं घर आता नाही. आबा-आजी गेले, कुलूप लागलं, आणि दोन रोहिण्या माळवदावर कुणी चढलं नाही. तेवढं पुरलं. लाकूड उतरवून घेतलं. खाचांची ती तुळई चुलतभावाच्या नव्या घरात दाराची चौकट झाली. दगड बांधाला गेला. राहिलं ते मातीचं टेकाड, त्याच्यावर टाकळा आणि एरंड उगवलेला.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. गल्लीच्या टोकाला राहणारा एक पोरगा गोठा धरत होता, मातीचं माळवद घालून. गुरांना पत्र्याखाली उकडतं म्हणाला. संकोचत अण्णांपुढं उभा राहिला, तुमच्या पडक्या जागेतली पांढरी नेऊ का विचारायला. अण्णांनी बसल्या जागेवरून काठीनंच टेकाड दाखवलं. "ने की. खडे वेचून घे. आन् वीतभरच टाक." मग हाक मारून त्याला परत बोलावलं आणि लोटा आणायला सांगितला.